थांबलेला माणूस आधी शोधा: गोव्याच्या रस्त्यावर ब्लॅक अँड व्हाइट मोशन ब्लर

मोशन ब्लर, म्हणजे फोटोत हलणारं पुसट दिसणं, म्हटलं की लोक आधी शटर स्पीडच विचारतात, शटर किती वेळ उघडं राहतं ते. किती ठेवायचा, 1/8 सेकंद की 1/15? आकडे खाली देतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती नसेल तर एकही आकडा कामाला येत नाही. फ्रेममध्ये आधी थांबलेलं काहीतरी शोधा. माणूस असेल तर उत्तमच, नाहीतर खांब, बाकडं, दुकानाची फळी, काहीही, पण ते थांबलेलं हवं आणि बघत राहावं असं हवं. हलणारी माणसं गोव्यात रस्त्यावर कुठेही उभं राहिलात तरी मिळतात, थांबलेला माणूस मात्र शोधावा लागतो, आणि फोटो त्याच्यामुळेच होतो.

हे काही आजचं नाही. 1838 मध्ये लुई दागेरनं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला, बुलव्हार द्यु ताँप्ल नावाचा रस्ता. एक्सपोजर काही मिनिटांचं, त्यामुळे येणारेजाणारे, घोडागाड्या, सगळं चालत राहिलं आणि प्लेटवर त्यातलं काहीच उमटलं नाही. उमटला तो एका कोपऱ्यात बुटाला पॉलिश करून घ्यायला उभा असलेला माणूस, कारण तो तेवढा वेळ जागेवर होता. आपल्याकडचं उदाहरण हवं तर रघु राय यांचा 1995 चा चर्चगेट स्टेशनचा फोटो बघा, ब्लॅक अँड व्हाइट. लोकांचा लोंढा धुरासारखा वाहतोय आणि त्यात वर्तमानपत्र वाचणारा माणूस एकदम स्थिर. तो वाचणारा झाकून फोटो बघा, नुसती धूसर गर्दी उरते.

रंग का काढायचे

स्लो शटरला रंग पसरतात. म्हापशाच्या बाजारात हिरवी-गुलाबी प्लास्टिकची पिशवी घेऊन कोणी पुढून गेलं की त्या पिशवीचा पट्टा फ्रेमभर ओढला जातो आणि डोळा तिथेच जातो, मागे शांत बसलेली बाई राहते बाजूला. रंग काढले की उरतो फक्त उजेड आणि काळोख, मग कोण थांबलंय आणि कोण चाललंय हे पटकन कळतं.

पण म्हणून प्रत्येक ब्लर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा असं नाही हं. शिमग्याच्या मिरवणुकीत जिथे रंगच विषय आहे तिथे रंग ठेवा. मी काय करतो, फोटो काढतानाच कॅमेऱ्याचं पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोमवर ठेवतो आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी, घेतो. स्क्रीनवर सगळं काळंपांढरं दिसतं, रॉमध्ये रंगाची माहिती शाबूत राहते, आणि पुढे ती माहिती खूप लागते.

सामान

कुठलाही कॅमेरा चालेल ज्यात शटर स्पीड आपल्याला ठरवता येतो. लेन्स 28 किंवा 35 एमएम सारखी वाइड बरी, हात हलला तरी वाइडवर कमी दिसतं. ट्रायपॉड बाजारात नेऊच नका, लोकांच्या पायात येतो, आणि ट्रायपॉड लावला की सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. त्यापेक्षा एक एनडी फिल्टर घ्या, हा फिल्टर लेन्सवर चढवलेला काळा गॉगल समजा, उजेड कमी करतो, बाकी काही नाही.

का लागतो तो सांगतो. गोव्यातलं भर दुपारचं ऊन, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) 100 आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/8 ठेवलं तर शटर येतं साधारण 1/500. आपल्याला हवंय 1/8. म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड झाला, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एफ/22 पर्यंत ॲपर्चर बंद केलं तरी तीनच स्टॉप सुटतात, शिवाय डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) थांबलेला माणूससुद्धा मऊ पडतो, जो एकटाच शार्प हवा होता. एनडी 64 लावला की बरोबर सहा स्टॉप जातात आणि एफ/8 वरच 1/8 मिळतं. एकच घ्यायचा तर हाच घ्या. एनडी 1000 समुद्राच्या लाटा दुधासारख्या करायला ठीक आहे, रस्त्यावर तो फार जड होतो, सावलीत गेलात तर माणसं नाहीशीच होतात.

फोनवाल्यांनी निराश होऊ नका. फोनचं ॲपर्चर फिक्स असतं म्हणून उन्हात शटर स्लो होत नाही, पण पहाटे, संध्याकाळी, छपराखाली प्रो मोडमध्ये होतं. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्सपोजर इफेक्ट देता येतो, फक्त फोन भिंतीला किंवा खांबाला टेकवून धरा.

बाजारात: कॅमेरा स्थिर, लोक हलते

सुरुवात इथून करा, ही सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर पद्धत.

शुक्रवारचा म्हापसा बाजार ह्यासाठीच बनवलाय असं वाटावं इतका योग्य आहे. विकणाऱ्या बायका पुढ्यात मिरच्या, केळी, सुकी मासळी मांडून तासन् तास एका जागी बसलेल्या, आणि समोरून गिऱ्हाइकांची रांग अखंड चालू. मध्ये छपराखालच्या गल्ल्या आहेत तिथे उजेड आधीच कमी, फिल्टरशिवाय काम होतं. चवथीच्या आधी दोन-तीन दिवस तर पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली कुठेही माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार बघा, नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, कांगलां, तोरिंगां अशी फळं घेऊन माणसं जमिनीवर बसलेली आणि भोवती ही गर्दी. वर्षातून एकदाच मिळणारा विषय आहे, चुकवू नका.

आता क्रमानं. आधी जागा निवडा, माणूस नंतर. गल्लीच्या अशा टोकाला उभे राहा जिथे पाठीला खांब किंवा भिंत मिळेल आणि लोक तुमच्या समोरून आडवे जातील. आडवा जाणारा माणूस जास्त पुसट होतो, तुमच्याकडे चालत येणारा कमी. आणि जवळून जाणारा लांबच्यापेक्षा जास्त. म्हणजे सेटिंग न बदलता नुसतं दोन पावलं पुढेमागे झालात तरी ब्लर बदलतो, हे एकदा हातात बसलं की शटरच्या चाकाला फार हात लावायला लागत नाही.

मग विकणारीशी बोला. हो, आधी बोला. काही विकत घ्या, "मावशी, एक फोटो काढू?" म्हणा, आपल्या गोव्यात कोकणी-मराठीत दोन शब्द बोललात की बहुतेक जणी हसून हो म्हणतात. ह्या पद्धतीत ती तुमच्या फ्रेममध्ये पाच-दहा मिनिटं राहणार आहे, चोरून होणारं कामच नाही हे. ती तुम्हाला विसरून परत गिऱ्हाइकाकडे वळली की मगच खरा फोटो सुरू होतो.

फोकस तिच्यावर करा आणि मॅन्युअलवर लॉक करून टाका, नाहीतर मध्ये कोणी आलं की ऑटोफोकस त्याच्यामागे पळतो. फुल फ्रेमवर (35 एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) 28 एमएम, एफ/8, फोकस साधारण सव्वातीन मीटरवर ठेवलात तर दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं शार्प मिळतं, फोकसची चिंताच संपली.

शटर: 1/15 पासून सुरू करा, मग 1/8, मग 1/4, जमलं तर 1/2. हिशोब सोपा आहे. माणूस ताशी पाच किलोमीटरनं चालतो असं धरा, म्हणजे 1/8 सेकंदात तो 17 सेंटीमीटरच्या आसपास सरकतो, 1/2 मध्ये जवळजवळ 70. सतरा सेंटीमीटरला माणूस माणूस म्हणून ओळखू येतो, सत्तरला नुसती वाफ. मला स्वतःला 1/8 ते 1/4 मधला पट्टा आवडतो, कारण त्यात चाल दिसते आणि चालणारा कोण आहे, म्हातारा आहे की शाळेतला पोरगा, हेही कळतं.

श्वास सोडता सोडता शटर दाबा, कोपरं बरगड्यांना चिकटवून, कॅमेऱ्याचा पट्टा मानेला ताणून. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू. एकाच दाबात चार-पाच फ्रेम घ्या, पहिली बोटाच्या धक्क्यानं हलते, मधल्या चांगल्या निघतात.

आणि मग थांबा. खूप वेळ थांबा. थांबलेली बाई मिळाली, जागा मिळाली, आता समोरून कोण कसं जातंय ह्यावर सगळं. दोन माणसांच्या मधल्या फटीतून तिचा चेहरा दिसला पाहिजे. चेहऱ्यावरून कोणी गेलं की फोटो गेला.

पांढरं काय करतं, काळं काय करतं

हा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा तपशीलात सांगतो.

शटर उघडं असेपर्यंत सेन्सर उजेड साठवत राहतो. काळोखी दारापुढून पांढरा शर्ट गेला की शर्टाचा उजेड वाटेभर साठत जातो आणि मागे पांढरी रेघ राहते. उलटं झालं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढून काळी छत्री गेली, तर भिंतीचा उजेड छत्रीच्या आधी आणि नंतर येतच राहतो आणि छत्रीला खाऊन टाकतो, छत्री राखाडी डाग होते नाहीतर दिसतच नाही. म्हणून पार्श्वभूमी गडद शोधा. जुन्या घराचं उघडं दार, बाजाराच्या छपराखालची सावली, चिऱ्याची शेवाळलेली भिंत, पावसानं ओला झालेला डांबरी रस्ता. गर्दीत भुतासारख्या आकृत्या हव्या असतील तर पांढऱ्या भिंतीपुढे काढा, पण ते ठरवून करा.

अजून एक बघा, चालणाऱ्या माणसाचे पाय. एक पाय जमिनीवर टेकलेला असतो तेवढा वेळ तो खरोखरच थांबलेला असतो. 1/8 ला धड, हात, पिशवी सगळं पुसटलेलं आणि खाली एक चप्पल एकदम स्पष्ट, पट्ट्यासकट. कॅमेरा कमरेएवढा किंवा त्याहून खाली धरून काढलेल्या फोटोत ही चप्पल फार बोलते. फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या गर्दीचा असा फोटो काढून बघा, वर सगळा धूर आणि खाली सात-आठ पावलं रुतून बसलेली.

पोदेर, पायलट आणि पॅनिंग

पॅनिंगमध्ये उलटं असतं, हलणाराच शार्प ठेवायचा आणि जग पुसायचं. म्हणजे थांबलेला माणूस इथेही आहेच, फक्त तुम्ही त्याच्याबरोबर फिरल्यामुळे तो थांबलाय.

पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, ह्यासाठी पहिला गुरू. सायकलवर मागे पावाची टोपली, वर प्लास्टिक, पों पों हॉर्न, त्यामुळे यायच्या आधीच कळतं, आणि रोज त्याच वाटेनं येतो. पहाटेचा उजेड कमी असतो म्हणून फिल्टर नको. सायकलला 1/15, पायलटच्या (प्रवासी नेणाऱ्या) मोटरसायकलला आणि स्कूटरला 1/30, बसला 1/30 ते 1/60. ताशी 30 च्या स्कूटरला 1/30 म्हणजे 28 सेंटीमीटर सरकणं, पार्श्वभूमी छान ओढली जाते.

पाय जिथे फोटो दाबायचा आहे त्या दिशेला रोवा, मग कंबर वळवून तो येतोय तिकडे बघा. लांबूनच त्याला फ्रेममध्ये पकडा, त्याच्या वेगानं कंबरेतून वळत राहा, अगदी समोर आला की दाबा आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. नवशिक्यांचे नव्वद टक्के फोटो तिथेच जातात, दाबलं की हात थांबतो. स्टॅबिलायझरला पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावा.

पार्श्वभूमी इथे वेगळी लागते. कोरी भिंत घेतली तर ओढायला काही नसतंच, माणूस हवेत चिकटवल्यासारखा दिसतो. उजेड-सावलीचे तुकडे हवेत, माडाच्या झावळ्यांतून पडलेले कवडसे, लोखंडी गेट, दुकानांची रांग. रस्त्याच्या आत उभे राहू नका, गाड्यांचं लक्ष तुमच्याकडे गेलं तर अपघात व्हायचा.

पाऊस

जून ते सप्टेंबर गोव्यात कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की बाबांनो हाच तर आपला सीझन. ढगांमुळे उजेड मऊ आणि कमी, रस्ता काळा चकचकीत, त्यात प्रतिबिंबं.

पावसाच्या धारा दिसायला हव्यात तर 1/60 ते 1/30, आणि मागे काहीतरी गडद, शिवाय उजेड मागून किंवा बाजूनं. 1/4 केलं की धारा गायब होतात आणि नुसतं धुकट दिसतं. छत्रीवाल्यांचा घोळका आणि त्यात आडोशाला थांबलेला एकटा माणूस, ही फ्रेम पणजीच्या 18 जून रस्त्यावर दुकानांच्या ओसऱ्यांखाली पावसात हमखास मिळते, तुम्हीही ओसरीतच उभे, कॅमेरा कोरडा. आभाळ फ्रेममध्ये फार घेऊ नका, पावसाळी आभाळ पांढरं फटक येतं आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती जागा कागदासारखी कोरी राहते.

घरी आलात की लेन्स पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

फेरीबोट आणि रात्र

फेरीवर इंजिनाची थरथर असते, रेलिंगला कॅमेरा टेकवला तर ती थरथर सरळ फोटोत उतरते. त्यापेक्षा हातातच धरा, गुडघे सैल. बोट चालू असताना डेकवरचा माणूस तुमच्यासकट थांबलेला आणि मागचा काठ सरकतोय, पण काठ लांब असल्यामुळे 1/8 ला काही होत नाही, काठाजवळ आल्यावर 1/4, 1/2 ला होतं. खरी मजा रॅम्प खाली पडतो तेव्हा, सगळ्या स्कूटर एकदम सुटतात आणि रॅम्पजवळचा खलाशी जागेवर उभा. तो तुमचा थांबलेला माणूस.

रात्री शिमग्याची मिरवणूक असेल तर रोमटामेळात ढोल-ताशांबरोबर सगळेच नाचतात, थांबलेलं कोणीच नसतं, मग फ्लॅश वापरा. रिअर कर्टन सिंकवर ठेवा, शटर 1/8, आयएसओ 800, एफ/4 च्या आसपास, फ्लॅशची पॉवर अगदी कमी. रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शेवटी पेटतो, त्यामुळे हालचालीची शेपटी मागे राहते आणि माणूस पुढे शार्प. उलट ठेवलं तर नाचणारा मागे चालल्यासारखा दिसतो. सजावटीचे एलईडी पटापट उघडझाप करतात, डोळ्याला दिसत नाही पण स्लो शटरला त्यांची सलग रेघ न येता ठिपक्यांची माळ येते. मला ती आवडते, नको असेल तर त्या माळा फ्रेमबाहेर ठेवा.

कोणाचा, कुठे

पणजीच्या फोंतेन्हास ह्या जुन्या वस्तीत राहणारे लोक फोटोवाल्यांना कंटाळलेत, घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा. कोणाच्या दारात, बाल्कनीखाली अर्धा तास ठिय्या मारू नका. समुद्रकिनाऱ्यावर बायकांचे फोटो ब्लरच्या नावाखाली काढणं हे मला अजिबात मान्य नाही. दाबोळीला नौदलाच्या भागात कॅमेरा काढूच नका. कोणी डिलीट कर म्हणालं तर त्याच्यासमोर डिलीट करा.

घरी आल्यावर

आधी निवड. फोटो छोटा करून बघा, अंगठ्याएवढा. त्यात थांबलेली गोष्ट पहिल्या नजरेत सापडली तर ठेवा. मग 100 टक्के झूम करून खांब किंवा दुकानाची पाटी तपासा. तीही हलली असेल तर तो मोशन ब्लर नाही, हात हललाय, बाजूला काढा.

मग रॉ उघडून ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कलर मिक्सच्या स्लायडरवर जा. कॅमेऱ्यात मोनो जेपीईजी घेऊन मोकळं होणाऱ्यांचं इथे नुकसान होतं. आपल्याकडे रंग भरपूर. लाल आणि नारिंगी वर नेलं की चिऱ्याची भिंत उजळते, त्वचाही उजळते, खाली आणलं की चेहरे दगडासारखे काळे पडतात, तेव्हा सांभाळून. कुणबी साडीचा लाल आणि मागच्या झाडांचा हिरवा हे दोन्ही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जवळपास एकाच राखाडी रंगाचे येतात, बाई झाडात विरघळते. तेव्हा हिरवा खाली, लाल थोडा वर, लगेच सुटी होते. पायलटच्या गाडीचा पिवळा मडगार्ड पिवळ्या स्लायडरनं हवा तेवढा चमकवता येतो. निळा खाली आणलात की निळ्या भिंती आणि प्लास्टिक गडद होतात, पण फार खेचलात तर आभाळात दाणे उठतात.

मग बर्न आणि डॉज. थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर किंचित उजेड, फ्रेमच्या कडांना किंचित काळोख, बस. शार्पनिंग आणि क्लॅरिटी मास्क लावून फक्त त्याच्यावर द्या, पुसटलेल्या भागाला दिलीत तर तो धूर खरखरीत होतो आणि सगळी नजाकत जाते. थोडा ग्रेन मात्र पूर्ण फोटोवर द्या, शार्प आणि पुसट भाग त्यामुळे एकाच कागदावरचे वाटतात.

आणि प्रिंट काढा, मॅट कागदावर, निदान 8 बाय 12 इंचाची. गडद भाग स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा प्रिंटवर जास्त बुडतो, म्हणून लॅबला द्यायच्या आधी सावल्या थोड्या उघडून ठेवा, पहिली प्रिंट छोटी काढून तपासा, मग मोठी. एक जास्तीची काढा आणि पुढच्या शुक्रवारी त्या मावशीला नेऊन द्या.